व्होर्तिकोव्हा जिंकेल

"हे वाक्य ऐक," सर म्हणाले. मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून, एके काळी वर्गात ज्या आवाजात कविता वाचत, त्याच संथ, ओळीच्या टोकाशी किंचित रेंगाळणाऱ्या आवाजात त्यांनी वाचले, "'ही मुलगी जिंकण्यासाठी खेळत नाही, समोरची थकेपर्यंत उरण्यासाठी खेळते.' उरण्यासाठी! टिकण्यासाठी नाही, तगण्यासाठी नाही. निरंजन, टेनिसवर मराठीत असं लिहिणारा माणूस कुठे बसला असेल रे?"

तो माणूस त्यांच्या समोर, वेताच्या खुर्चीत, पोह्यांची बशी हातात घेऊन बसला होता.

मी बशीत चमचा फिरवत राहिलो. मोहरील सरांनी आम्हांला एम. ए.ला आधुनिक कविता शिकवली होती. 'खोट्या अनुभवातून खरी ओळ निघत नाही' हे त्यांचे लाडके सूत्र. ते ऐकून बाहेर पडलेल्या आम्हा मुलांपैकी कुणी विमा विकला, कुणी शिकवण्या घेतल्या. मी नागपुरातच राहून काय करतो, हे सरांना सांगण्याची वेळ येऊ नये म्हणून त्यांच्या घराची गल्ली मी बरीच वर्षे टाळली होती. त्या सकाळी धरमपेठेच्या भाजीबाजारात त्यांनीच माझा दंड धरला आणि मला घरी आणले.

दिवाणखान्यात आवाज बंद केलेल्या टीव्हीवर टेनिस चालले होते. त्याच्यासमोर कुमुदकाकू बसल्या होत्या. पाठ ताठ, हात मांडीवर, जणू त्यांच्या नावाचा पुकारा आता होईल आणि त्यांना उठावे लागेल.

"चेंडू आणलेस का?" त्यांनी मला विचारले.

मी सरांकडे पाहिले. सरांनी डोळ्यांनीच सुचवले.

"आणले, काकू."

"ओले नकोत. मागच्या खेपेला ओले होते."

काकू विद्यापीठाच्या टेनिसपटू होत्या. फडताळातले चषक आता काळवंडले होते. मागच्या काही वर्षांत त्यांच्या आठवणी, उन्हाळ्यात तलाव आटतो तशा, काठाकडून आत आत आटत आल्या होत्या. मधोमध जी ओली जागा उरली होती, तिथे टेनिस होते. ज्या सरांना उभ्या जन्मात वर्तमानपत्राचे खेळाचे पान उघडायची सवय नव्हती, ते आता काकूंशेजारी बसून सामने पाहत. काकूंना वाचून दाखवायला टेनिसवर मराठीत काही मिळते का, हे शोधताना त्यांना मोबाइलवर 'अचूक' सापडले होते.

"आगामी सामन्यांची भाकितं असतात," सर म्हणाले. "पैज लावणाऱ्यांसाठी. मला पैजेशी काय करायचं होतं? मी भाषेसाठी वाचत होतो. पण गंमत बघ, मला आलेलं एकही भाकीत आजवर चुकलेलं नाही. एकही!"

मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

'अचूक'चे कार्यालय म्हणजे सीताबर्डीवरच्या एका इमारतीतल्या दोन खोल्या. मालक भुसारी. तिथे भाकिते करण्याची पद्धत अशी होती, की प्रत्येक सामन्यासाठी मी दोन भाकिते लिहीत असे. एकात ही जिंकणार, दुसऱ्यात ती. दोन्ही सारख्याच तळमळीने लिहायची. अर्ध्या वाचकांना एक जाई, उरलेल्या अर्ध्यांना दुसरे. सामना झाला की ज्यांच्याकडे चुकीचे गेले ती नावे आपोआप गळत. उरलेल्यांचे पुढच्या सामन्याला पुन्हा दोन भाग. असे चाळत चाळत शेवटी मूठभर माणसे उरत, आणि त्या मूठभरांपुरते आम्ही त्रिकालज्ञ असू. मग भुसारी त्यांना 'मोठा खेळ' सुचवी. तो खेळही भुसारीकडेच लावायचा असे. हरणाऱ्याची बाजी त्याच्याच गल्ल्यात जाई.

टेनिसचा एकही सामना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. मला फक्त वाक्ये येत होती.

"शनिवारी उपांत्य सामना आहे," सरांनी आवाज उतरवला. "व्होर्तिकोव्हा, तीच उरण्यासाठी खेळणारी, आणि दुआर्ते. 'अचूक'चा निरोप आलाय, मोठं भाकीत पाठवणार आहेत. मी लावणार आहे."

"सर, कशाला?"

त्यांनी काकूंकडे पाहिले. त्या पडद्यावरच्या चेंडूबरोबर अगदी बारीक मान हलवत होत्या.

"ती पहाटे दार उघडून बाहेर जाते. कोर्टवर जायचंय म्हणते. दोनदा पोलिसांनी आणून सोडली. डॉक्टर म्हणतात, निवासी केंद्रात ठेवा. हिंगण्याच्या पलीकडे एक आहे, चांगलं आहे, अनामत मी बाजूला काढून ठेवलीय. पण नवऱ्याला तिथे राहता येत नाही. रविवारी भेटायचं, चार ते सहा." ते हसले, ते हसू मला अजून दिसते. "इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला वेळ घेऊन भेटायचं? त्या अनामतीचे चौपट झाले तर दिवसाची आणि रात्रीची, दोन बायका घरीच ठेवता येतील. ती इथेच राहील. आपल्या घरात."

"आणि नाही झाले तर?"

"अरे, एकदाही चुकलेलं नाही," सर मला समजावत म्हणाले, विद्यार्थ्याला सोपी गोष्ट कळत नसावी तसे.

दुपारी मी भुसारीसमोर उभा राहिलो. तो टेबलावर पाय टाकून संत्रे सोलत होता.

"यादीतून एक नाव काढायचंय."

"कोणाचं?"

"मोहरील."

"अबे, तो तर हिरा आहे!" त्याने पाय खाली घेतले. "एवढ्या चाळण्यांतून कोणी उरते का? आणि भाऊ, त्याने स्वतःहून फोन केला होता, माहीत आहे? लेखकाला नमस्कार सांगा म्हणे. मी म्हटलं, हा कोण येडा!"

"ते माझे सर आहेत."

भुसारीने संत्र्याची फोड माझ्यापुढे केली. मी घेतली नाही.

"मग सांग ना त्यांना खरं. मी कोणाचं तोंड धरून राहिलो का? जा, सांगून पाह्य. मी माझ्या सासऱ्याला सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय! म्हणे, जावई जळून राहिला." तो खदखदून हसला. "लावले त्याने. आता माझ्याशी बोलत नाही, अन् बायको त्याच्या बाजूने. लोकांना आपण नाही फसवत बे. आपण फक्त दोन दारं उघडतो. पाय त्यांचेच असतात."

मी सांगायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तेव्हा सर काकूंच्या वेणीचा गुंता सोडवत होते. कंगवा धरण्याची त्यांची पद्धत खडू धरण्यासारखी होती.

"सर, ते वाक्य माझं आहे," मी उभ्यानेच म्हणालो. "उरण्यासाठी खेळते, ते. 'अचूक'ची सगळी भाकितं मी लिहितो."

कंगवा केसांतच थांबला.

"तू?"

"हो. आणि प्रत्येक वेळी मी दोन लिहितो. तुम्हांला ते आलं तेव्हा दुसऱ्या अर्ध्या लोकांना बरोबर उलटं गेलं होतं. तेही तितकंच जीव ओतून लिहिलेलं."

"मग मला बरोबर तेच का आलं?"

"योगायोगानं."

"दर वेळी?"

"कुणाला तरी दर वेळी बरोबर यावंच लागतं, सर. अशीच ती चाळणी आहे. त्यातून तुम्ही उरलात, एवढंच. शनिवारी काय होईल ते मला माहीत नाही. तिथं कुणालाच माहीत नाही."

सर खाली बसले. मला वाटले, ते आता माझा धिक्कार करतील. त्यासाठी मी स्वतःला तयार करून आलो होतो, आणि त्या धिक्कारात मला एक प्रकारची सुटका दिसत होती. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. पण ते आनंदाने भरले होते.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "अगं कुमुद, ऐकलंस का? तो लेखक म्हणजे आपला निरंजन!"

"सर, मी काय सांगतोय..."

"तू दोन्ही लिहिलीस, मान्य. पण तू काय शिकलास माझ्याकडे? खोट्या अनुभवातून खरी ओळ निघत नाही. जिच्याबद्दल तुला ती ओळ सुचली, ती जिंकणार हे तुला आत कुठेतरी ठाऊक होतं. तुला ते कळलं नाही, एवढंच. कवीला कुठे कळतं?"

"मला टेनिसमधलं काही कळत नाही हो!"

"मग तर ती निखळ प्रतिभा!"

मी हताश होऊन काकूंकडे पाहिले. त्या आरशात स्वतःच्या अर्ध्या वेणीकडे बघत होत्या.

"यांचं काही ऐकू नकोस," काकू म्हणाल्या. "यांना बाहेर पडलेला चेंडूसुद्धा आत दिसतो."

सर लाजले. ती त्यांचे लग्न जुळल्याची गोष्ट होती. अंतिम सामन्याला कुणी मिळाले नाही म्हणून नव्या तरुण अधिव्याख्यात्याला, चेंडू आत की बाहेर ते सांगायला, रेषेवर बसवले होते. काकूंचा चेंडू हातभर बाहेर पडला, आणि तो आत असल्याचे सरांनी ठामपणे सांगितले. काकूंनी पंचांकडे जाऊन, बाहेर होता म्हणून, स्वतःचा गुण परत केला. तो सामना त्या हरल्या.

"हातभर बाहेर होता," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं बाहेर. हे म्हणे आत."

"मला आत दिसला," सर म्हणाले. "अजूनही आतच दिसतो."

घरी परतताना मला एकच मार्ग सुचला. सर माझ्यावर विश्वास ठेवत नव्हते, माझ्या वाक्यांवर ठेवत होते. तेव्हा वाक्यच मोडायला हवे होते.

भाकिते पाठवण्याचे काम माझ्याकडेच असे. शनिवारी सरांचा क्रमांक व्होर्तिकोव्हाच्या अर्ध्यात पडला होता. तिच्यासाठीचा मजकूर मी आधीच घडवून ठेवला होता, दुआर्तेसाठीचाही. दोन्ही माझ्या त्या काळच्या सर्वांत चांगल्या लिखाणापैकी होते. सरांच्या एकट्याच्या निरोपातून मी तो सगळा मजकूर पुसला. वाईट लिहिणे सोपे असते असे ज्यांना वाटते, त्यांनी कधी मुद्दाम वाईट लिहून पाहिलेले नसते. शब्द वळणाकडे धावत होते, मी त्यांना मागे खेचत होतो. अखेर उरले ते असे:

'व्होर्तिकोव्हा जिंकेल. ती चांगली खेळते. सध्या ती फॉर्मात आहे. सामना चुरशीचा होईल.'

ज्या माणसाने आयुष्यभर शब्दांची नाडी पाहिली, त्याला या चार वाक्यांत काही जिवंत सापडणार नाही अशी माझी खात्री होती. तो मोबाइल खाली ठेवील. निराश होईल. पण त्याचे पैसे वाचतील.

संध्याकाळी सामन्याच्या वेळी मी त्यांच्याकडे पोहोचलो. दार सरांनी उघडले, आणि उंबरठ्यातच त्यांनी मला मिठी मारली. याआधी त्यांनी मला कधी जवळ घेतल्याचे मला आठवत नव्हते.

"निरंजन, अलंकार गळाले!" ते म्हणाले. "एक उपमा नाही, एक रूपक नाही. 'व्होर्तिकोव्हा जिंकेल.' बस्स! मी तुम्हांला सांगत असे की नाही, खात्री झाली की कवीला अलंकार लागत नाहीत? तिथवर पोहोचायला लोकांचा जन्म जातो रे. तू पोहोचलास."

"सर, तुम्ही लावले नाहीत ना?"

"तुझी ओळ वाचली आणि लावले."

"सगळे?"

"होते तेवढे." ते मला आत घेऊन गेले. "तू पाहिलंस का, शेवटच्या वाक्यात तू 'चुरशीचा' म्हटलंयस. तेवढाच एक शब्द मी काढला असता."

मी बसलो. भुसारीला फोन करून पाहिला. त्याने उचलला नाही. करायचे असे काही उरलेच नव्हते. ज्या भाकितावर मीच विश्वास ठेवू नका म्हणून हात जोडले होते, ते खरे व्हावे म्हणून मी आता देव आठवू लागलो, आणि मला एकाही देवाचे नाव धड आठवेना.

कोर्ट लाल मातीचे होते. पांढरी टोपी घातलेली उंच, शांत मुलगी व्होर्तिकोव्हा. ठेंगणी, सतत रॅकेट फिरवत राहणारी ती दुआर्ते. एवढे मला काकूंनी सांगितले. ज्यांच्याबद्दल मी पानेच्या पाने लिहिली होती, त्यांचे चेहरे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

व्होर्तिकोव्हाने पहिला सेट घेतला. सरांनी चहा केला. दुसऱ्या सेटमध्येही ती पुढे गेली, आणि सर चहाचा कप हातात धरून, तो न पिता, मला कुठल्या दोन बायका ठेवायच्या ते सांगू लागले. एक शेजारच्या देशपांड्यांकडे होती, मायाळू होती. दुसरीला टेनिस शिकवता आले असते, म्हणजे ती काकूंशी बोलू शकली असती.

"अंगणात जाळी लावू," सर म्हणाले. "छोटीशी."

मग व्होर्तिकोव्हाला मॅच पॉइंट मिळाला. एक गुण, तो मिळाला की सामना संपणार होता. तिने चेंडू नुसता परत टाकला. दुआर्तेने तो मारला. पुन्हा मॅच पॉइंट आला, पुन्हा तिने चेंडू परत टाकला, अचूक, निर्दोष, कुणाला काहीही न करणारा.

"संपव ना गं," काकू पुटपुटल्या. त्या खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. "संपव आता. काय वाट बघतेस?"

तिला संपवता आले नाही. तो सेट गेला. त्यानंतरचा तर झरझर गेला. वाळूचा किल्ला बांधणाऱ्या पोराने स्वतःच तो पायाने उधळावा तशी ती शेवटी शेवटी चेंडू जाळीत मारू लागली. हरल्यावर टोपी काढून ती जाळीपाशी चालत आली. दुआर्तेने तिला मिठी मारली.

सरांनी टीव्ही बंद केला नाही. कप तिपाईवर ठेवला. केंद्राची अनामत गेली होती. आता हिंगण्याच्या पलीकडचे ते चार ते सहासुद्धा गेले होते.

"दुसरं काय होतं?" सरांनी विचारले.

"काय, सर?"

"उरलेल्या अर्ध्यांना पाठवलंस ते. दुआर्तेचं. पाठ असेल तुला."

"नको, सर."

"म्हण."

मी म्हटले. वर्गात उभे केल्यासारखा, खाली बघत. "'जी उरायला शिकली, तिला संपवायला कुणी शिकवलेलं नसतं. दुआर्तेला तेवढंच येतं.'"

सरांनी डोळे मिटले. ओळ त्यांनी ओठांतल्या ओठांत एकदा फिरवून पाहिली. पंख्याच्या वाऱ्याने काकूंच्या पदराचे टोक हलत होते.

"हे जास्त चांगलं आहे," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात माझ्याविरुद्ध काही नव्हते. नंतर, आजवरच्या सगळ्या वर्षांत, त्यांच्या तोंडी काहीतरी विरुद्ध असते तर बरे झाले असते असे मला वाटत आले आहे. पण तेव्हा ते नुसते बसून राहिले, आणि मग त्यांचे खांदे हलू लागले.

काकू उठल्या. त्यांनी पदर खोचला, साडीवरची नसलेली माती झटकली, आणि तिपाईच्या अलीकडे, जाळीपाशी थांबावे तशा, थांबल्या. त्यांनी सरांपुढे हात केला.

"छान खेळलात," त्या म्हणाल्या.

सरांनी चेहरा वर केला. त्यांना काय करावे ते कळेना.

"अहो, हात मिळवा. हरलं तरी हात मिळवायचा असतो. लोक बघताहेत." त्यांनी तिपाईवरून वाकून सरांचा हात स्वतःच उचलला आणि घट्ट दाबला. आवाज खाली आणून, आपल्याच संघातल्या धाकट्या मुलीला सांगावे तसे त्या म्हणाल्या, "रडायचं ते घरी गेल्यावर."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"चेंडू गोळा केलेस?"

"केले, काकू."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. फडताळातले चषक, वेताच्या खुर्च्या, भिंतीवरचा त्यांच्या लग्नाचा फोटो. कुठेच ती थांबली नाही. चेहऱ्यावर दिवसभर खेळून दमलेल्या माणसाचा थकवा होता.

"चला ना मग," त्या सरांना म्हणाल्या. "घरी कधी जायचं आपण?"

सरांनी डोळे पुसले. ते उठले, दारापाशी गेले, आणि वाकून त्यांनी काकूंच्या चपला उचलून आणल्या.